दंड घातलेली चादर घ्या

जानेवारीत सकाळी साडेसहाला लंडनमध्ये मिट्ट काळोख असतो. सूर्य उगवायला आठ वाजतात, आणि उगवला तरी बहुतेक दिवस तो ढगांमागेच राहतो. अशा काळोखात शहराच्या नैर्ऋत्येला, सनबरीजवळ, केम्प्टन पार्क रेसकोर्सचं फाटक उघडतं आणि हातात टॉर्च घेतलेली माणसं आत शिरतात. एरवी इथे घोड्यांच्या शर्यती होतात. महिन्यातल्या दुसऱ्या आणि शेवटच्या मंगळवारी मात्र जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. कुणी कपाटं शोधत असतं, कुणी चांदीचे चमचे, कुणी दिवे. मी कापड शोधते. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, नॅपकिन, चहाच्या कपबशा पुसायची फडकी. गेली अकरा वर्षं शोधते आहे, आणि माझ्या घरात आज अंथरायला-पांघरायला जे काही आहे त्यातलं निम्मं या मैदानावरून आलेलं आहे.

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी मंडळींना, आणि हिवाळ्यात मुला-नातवंडांकडे येऊन हीटरशेजारी दिवस मोजत बसणाऱ्या आईवडिलांना माझं मनापासून सांगणं आहे: एकदा थंडीत या बाजाराला चला. उन्हाळ्यात नको, थंडीतच. उन्हाळ्यात तिथे अर्धी जत्रा असते. लोक आइस्क्रीम खात फिरतात आणि चांगलं कापड कुणाच्या तरी हाताखाली चुरगळत पडतं. थंडीत ज्याला खरंच घ्यायचंय तोच येतो. विक्रेत्याला तुमच्याशी बोलायला वेळ असतो, तो घडी उलगडून दाखवतो, हे कुठल्या घरातून आलं ते सांगतो. ते ऐकणं कापडाइतकंच मोलाचं आहे.

केम्प्टन दूर पडत असेल तर दक्षिण लंडनमध्ये बर्मंड्सीला दर शुक्रवारी पहाटेपासून बाजार असतो. आता तो पूर्वीच्या मानाने लहान झालाय. त्या बाजाराला एक जुना कायदा लागू होता: सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात उघड्या बाजारात प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू पुढे चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच राहायची. 1995च्या जानेवारीत तो कायदा गेला. उत्तरेकडे राहणाऱ्यांना नॉटिंगहॅमशरमधलं न्यूअर्क जवळ. तिथे वर्षातून सहा वेळा 84 एकरांवर दोन दिवसांचा मेळा भरतो. तिथे मात्र पायात बूट चांगले हवेत, कारण फेब्रुवारीत त्या मैदानाचा चिखल होतो.

आधी कापडाविषयी. लिनन हा शब्द आपण दुकानात ऐकतो, पण ते कशाचं असतं हे मलाही इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ते जवसाचं. आपण भाजून, तीळ-लसूण घालून ज्याची चटणी करतो त्याच जवसाचं. बियांसाठी लावतात ती जात बुटकी आणि फांद्यांची, धाग्यासाठी लावतात ती उंच आणि सरळ वाढणारी, पण झाड एकच. आपल्याकडे अंबाडी किंवा ताग पाण्यात कुजत घालून वाख काढतात ना, तसंच जवसाच्या काड्या कुजवून त्यातला धागा सोडवतात. हा धागा ओला झाला की आणखी बळकट होतो. म्हणून तर ही कापडं पन्नास-साठ वर्षं उकळत्या पाण्यात घालून, बडवून, पिळूनही टिकली. आयर्लंडच्या उत्तरेला बेलफास्टच्या आसपास या कापडाचा एवढा मोठा धंदा होता की त्या शहराला ‘लिननोपोलिस’ म्हणत.

लिनन आणि सुती यांतला फरक हाताला कळतो असं सगळे सांगतात: लिनन गार लागतं. पण शून्य अंशाला सगळंच गार लागतं, तेव्हा थंडीतल्या बाजारात हाताच्या भरवशावर राहू नका. टॉर्चच्या उजेडात धागे बघा. लिननचा धागा मध्येच जाड, मध्येच बारीक असतो, आणि कापडावर लव नसते. सुताला बारीक लव असते. काठाला सुटलेलं एखादं सूत मिळालं तर विक्रेत्याला विचारून ते तोडा. सुती टोक पिंजलेल्या कापसासारखं गोळा होतं, लिननचं टोक सरळ आणि टोकदार राहतं. फडक्यांवर बरेचदा विणीतच लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘प्युअर लिनन’ किंवा ‘यूनियन’. यूनियन म्हणजे सूत आणि लिननची मिसळ. तीही वाईट नसते.

टॉर्चचा खरा उपयोग दुसराच आहे. चादर सोबतच्या माणसाला धरायला सांगा आणि टॉर्च मागून लावा. जिथे कापड विरलंय तिथे उजेड सांडल्यासारखा पलीकडे येतो. अंगाखालचा भाग, खांद्याजवळचा भाग, घडीच्या रेघा, हे सगळं दहा सेकंदांत कळतं, जे दिवसाउजेडी टेबलावर पसरून पाहिलं तरी कळत नाही. पिवळे डाग मात्र टॉर्चखाली दिसत नाहीत. मनात भरलेलं कापड पक्कं करण्याआधी, शक्य असेल तर, उजाडू द्या.

आणि वास. ही चूक माझ्या हातून झाली, म्हणून कळकळीने सांगते. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारीत, मी सहा नॅपकिन आणि दमास्कचा एक टेबलक्लॉथ घेतला. दमास्क म्हणजे पांढऱ्यावर पांढरीच नक्षी, जी तिरप्या उजेडातच उमटते. यावर द्राक्षांचे वेल होते. बाजारात त्याला कसलाही वास नव्हता. घरी आणून मी तो तसाच कपाटात ठेवला, आईने दिलेल्या दोन रेशमी साड्यांच्या वर. हीटरची ऊब लागल्यावर तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर बुरशीचा कुबट भपकारा. थंडीत वास झोपलेला असतो, ऊब लागली की जागा होतो. साड्यांतून तो जायला पूर्ण उन्हाळा लागला, आणि टेबलक्लॉथवरचे काळे ठिपके कधीच गेले नाहीत. तेव्हापासून मी कापडाची घडी विक्रेत्याच्या परवानगीने कोटाच्या आत छातीशी धरते, चार-पाच मिनिटं गप्पा मारते आणि मग नाकाशी नेते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. लोकरीचं ब्लँकेट घेत असाल तर तेवढ्यानेही भागत नाही. लोकर खाणाऱ्या किड्यांची अंडी बाजारातल्या थंडीने मरत नाहीत. ते पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा, मगच कपाटाचं दार दाखवा.

आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आई मिरजेहून आली होती. दोन स्वेटर, शाल, कानटोपी असं सगळं चढवून मी तिला केम्प्टनला नेलं. मैदानाच्या पार टोकाला एक म्हातारी बाई पायाखाली खोक्याचा पुठ्ठा अंथरून उभी होती. सिमेंटची थंडी बुटातून वर चढते, म्हणून सगळेच विक्रेते काहीतरी अंथरतात. तिच्या टेबलावर लेस लावलेले अभ्रे, मोनोग्रामच्या चादरी नीट रचलेल्या होत्या आणि टेबलाखाली खोक्यात ‘दुरुस्त केलेला’ माल होता. मी त्यातली एक चादर ओढली. मधोमध, डोक्यापासून पायापर्यंत, एक शिवण. बाई लगेच म्हणाली की ती नका घेऊ, ती सांधलेली आहे, वरच्यातली बघा. आईला इंग्रजी फारसं कळत नाही. तिने हातमोजा काढला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाली, “अगं, दंड घातलाय हा.”

दंड. हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. नऊवारी लुगडं बसायच्या जागी आधी विरतं. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडायचे, नाहीतर दोन जुनेरांचे चांगले भाग एकत्र आणायचे. त्या सांध्याला दंड म्हणतात. माझ्या आजीच्या रोजच्या लुगड्यांत दंड नसलेलं एखादंच असेल. ती शिवण एवढी बारीक घालायची की निऱ्यांत ती कुठे गेली ते कळत नसे.

मी बाईला विचारलं तेव्हा तिने सांगितलं की याला ‘साइड्स टु मिडल’ म्हणतात. चादर मध्ये विरली की ती मधोमध उभी फाडायची, कडेचे न वापरलेले भाग मध्ये आणून जोडायचे, विरलेले भाग कडेला न्यायचे आणि दुमडून शिवायचे. चादर थोडी अरुंद होते, पण आणखी दहा वर्षं चालते. दुसऱ्या महायुद्धात इथे 1941च्या जूनपासून कपड्यांवर रेशन आलं, ते 1949च्या मार्चपर्यंत होतं. कापड घ्यायलाही कूपनं लागत. 1943मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिकाच काढली, आहे ते कसं टिकवायचं हे बायकांना सांगायला. पण चादर अशी उलटवायला घरोघरी त्याआधीही शिकवत आणि नंतरही.

ही चादर ओळखायची खूण सोपी आहे. पूर्वीचे हातमाग अरुंद असत, त्यामुळे खूप जुन्या चादरी मुळातच दोन पट्टे जोडून केलेल्या असतात. त्यांच्या मधल्या शिवणीला विणीचे मूळ काठ येतात आणि बाहेरच्या कडांनाही मूळ काठच असतात. उलटवलेल्या चादरीत मधे मूळ काठ येतात, पण बाहेरच्या कडा मात्र दुमडून शिवलेल्या असतात. बाहेरची कड बघा, लगेच उलगडा होतो.

आईने ती चादर चार पौंडांना घेतली. मिरजेत कोथिंबिरीच्या जुडीसाठी हुज्जत घालणाऱ्या माझ्या आईने इथे भाव करू दिला नाही. “तिने केवढी बारीक शिवलीय,” एवढंच म्हणाली. ‘तिने’ म्हणजे विकणारीने नव्हे. जिने कधीतरी, कुठल्या तरी खिडकीशी बसून शिवली, तिने.

माझं आवाहन एवढंच आहे की ही टेबलाखालची खोकी बघा. लेस आणि मोनोग्रामचा माल कुणी ना कुणी घेतंच. रफू केलेला टॉवेल, कोपऱ्यात ठिगळ असलेला अभ्रा, दंड घातलेली चादर मात्र शेवटी फर्निचर गुंडाळायला जाते, नाहीतर चिंध्यांच्या गोणीत. एखादं रफू टॉर्चखाली जवळून बघा. उभे धागे आधी ताणून घेतलेले असतात, मग त्यांतून एक वरून एक खालून असे आडवे विणलेले. बोटाच्या पेराएवढ्या जागेत वीस-बावीस आडवे धागे मी मोजलेले आहेत. ते मशीनने झालेलं नाही. आपण मराठी लोक हे ओळखू शकतो, कारण आपल्या घरात हे होतं. गोधडीचे टाके बघत वाढलेल्या माणसाला ठिगळाची लाज वाटायचं कारण नाही.

खुणांवरही लक्ष ठेवा. चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने फुलीच्या टाक्यांत दोन अक्षरं आणि खाली आकडा असतो: सहा, आठ, बारा. तो चादरीचा क्रमांक. धुऊन आलेली चादर गठ्ठ्याच्या तळाशी जावी आणि सगळ्या सारख्या वापरल्या जाव्यात म्हणून घातलेला. काहींवर शाईने नाव असतं. आपल्याकडे परीट बिब्ब्याने खूण करायचा, ती कापड फाटेपर्यंत जायची नाही. बिब्ब्याला इंग्रजीत नावच ‘मार्किंग नट’ पडलं ते त्यामुळेच. युद्धकाळातल्या कापडावर आणखी एक शिक्का सापडतो: गोल चीजमधून फोड कापून काढावी तसे दोन ‘सी’ आणि पुढे 41. 1941मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘युटिलिटी’ योजनेची ती खूण, योजना 1952पर्यंत चालली. तो शिक्का आहे म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर मी देत नाही, पण कापड घट्ट विणीचं असेल तर तसंही घ्यावं.

भावाविषयी थोडं. “तुमची बेस्ट प्राइस काय?” एवढं एकदा विचारणं इथे रीतीला धरून आहे. विक्रेता जे सांगेल ते परवडत असेल तर घ्या, नसेल तर आभार मानून पुढे जा. बारा वाजता, पाऊस भुरभुरत असताना, पहाटे चारला घरून निघालेल्या माणसाच्या बधिर बोटांकडे बघत आणखी एक पौंड खाली ओढणं मला पटत नाही. सुट्या नोटा न्या, थर्मासमध्ये आल्याचा चहा न्या आणि बोटं उघडी राहतील असे हातमोजे घाला, कारण बोटांशिवाय कापड कळत नाही.

घरी आणल्यावर घाई करू नका. आधी साध्या थंड पाण्यात रात्रभर भिजवा. पाणी चहासारखं होईल, ते ओतून द्या, पुन्हा भिजवा. मग कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, घालून काही तास ठेवा. बहुतेक पिवळेपणा एवढ्यानेच जातो. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. ते धागा खातं, आणि गंजाचा डाग असेल तर तो पक्का करतं. गंजावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवणं हाच उपाय मला लागू पडला आहे, दोन-तीनदा करावा लागतो. फेब्रुवारीतही ऊन पडलं तर ओली चादर गवतावर पसरा. उत्तर आयर्लंडमध्ये सगळं कापड असंच हिरवळीवर पसरून शुभ्र करत. फक्त रात्री बाहेर राहून ती गोठली, पापडासारखी कडक झाली, तर तशीच दुमडू नका, धागे मोडतात. उचलून आत आणा, आपोआप सैल होऊ द्या. इस्त्री किंचित ओलसर असतानाच करा. खळ घालून ठेवून देऊ नका, खळीला कसर लागते. आणि दर सहा महिन्यांनी घडी दुसऱ्या रेघेवर घाला, नाहीतर कापड त्याच रेघेवर विरत जातं.

अखंड चादर कापून तिच्या उशा, पिशव्या, लँपशेड करणारे लोक बाजारात भेटतील. फाटलेल्या कापडाचं काय वाटेल ते करा, पण अखंड असेल तर कापू नका. अंथरा. कपाटात जपूनही ठेवू नका. आईच्या त्या चादरीवर माझा मुलगा तीन वर्षं झोपतोय आणि शिवण जशीच्या तशी आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या मिरजेतल्या, नगरमधल्या, नागपुरातल्या घराविषयी आहे. आजी गेल्यावर तिची लुगडी आमच्या घरून बोहारणीकडे गेली. अकरा इरकली लुगडी, बदल्यात झाकणाचं स्टीलचं एक मोठं पातेलं आणि दोन डबे. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, डबे मीच निवडले. बोहारणीचा दोष नाही. ती आपला धंदा करत होती आणि ते कापड पुढे कुणाच्या तरी अंगावर, कुणाच्या तरी गोधडीत गेलं असेल. पण आज मी परक्या देशात, गोठलेल्या बोटांनी, परक्या आजीचं रफू शोधत असते, आणि माझ्या आजीचा एकही टाका माझ्याकडे नाही. तेव्हा या हिवाळ्यात भारतात फोन कराल तेव्हा विचारा: ट्रंकेत, माळ्यावरच्या गाठोड्यात, पलंगाच्या पेटीत काय आहे? गोधडीच्या आत, पांढऱ्या मांजरपाटाखाली, कुणाचं जुनेर आहे? दंड घातलेलं एखादं निघालं तर ते वेगळं काढून ठेवायला सांगा, आणि ज्यांना कुणी घातला ते आठवतंय त्यांच्याकडून नाव विचारून चिठ्ठीवर लिहून त्यातच ठेवा.

केम्प्टनला फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी बाजार असतो. टॉर्चमध्ये नवे सेल घालून या.